तेवीस गोष्टींची अ‍ॅलर्जी आहे म्हणे. आता मी खायचं काय?

कुंदकळी
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचक, पण आज गरज पडली म्हणून धागा काढते आहे.

दोन वर्षं झाली, सकाळी उठल्या उठल्या मला शिंका सुरू होतात. एकामागून एक, दहा-बारा. मग नाक गळतं, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते. अकराच्या सुमारास सगळं आपोआप शांत. सर्दी समजून बरेच महिने काढले. शेवटी नात्यातल्या एकांनी सुचवलं म्हणून एका ठिकाणी रक्त देऊन 'संपूर्ण अ‍ॅलर्जी तपासणी' करून घेतली. रिपोर्ट चांगला जाडजूड आला. तेवीस गोष्टी पॉझिटिव्ह! गहू, दूध, अंडी, टोमॅटो, शेंगदाणे, वांगी, केळी, कॉफी… यादी संपतच नाही. सोबतच्या कागदावर लिहिलंय की हे सगळं सहा महिने बंद.

मी दीड महिना खरंच बंद केलं. वजन चार किलो उतरलं, घरातले वैतागले, आणि शिंका? जशाच्या तशा. एकही कमी नाही.

आता दोन आठवड्यांनी अ‍ॅलर्जीच्या क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट आहे. तिथे कातडीवरची चाचणी करतात म्हणे. रक्तात सगळं आलेलं असताना ती पुन्हा कशाला? आणि ती इंजेक्शनं वगैरे घ्यावीत का? अनुभव सांगा, प्लीज.

सातशिंका
आयडी वाचून कळलंच असेल. जागा धरून बसतोय.

तिरपागडा
तेवीस?? माझे सतराच होते. हरलो. (हलके घ्या.)

उंबरठा
ताई, एक साधी गोष्ट सांगते. गहू तुम्ही जन्मापासून खाताय ना? खाल्ल्यावर कधी ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला? नसेल तर कागद काहीही म्हणो.

मोडकीछत्री
@उंबरठा, इतकं सोपं नसतं हो. आत हळूहळू सूज वाढत असते, आपल्याला कळत नाही. मी असाच रिपोर्ट बघून गहू सोडला आणि पोटफुगी आठ दिवसांत गेली. विज्ञानाला सगळंच कळलंय असा आव कशाला आणायचा?

नाडीवाला
पेशाने डॉक्टर आहे, अ‍ॅलर्जीचे रुग्ण रोज बघतो. इथे कुणाला तपासत नाहीये, एवढं धरून वाचा.

कुंदकळीताई, रिपोर्ट पुन्हा काढा आणि प्रत्येक पानाच्या वरच्या ओळीत आयजीई लिहिलंय की आयजीजी, ते बघून सांगा. शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे, पण तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल असं वाटतंय.

कुंदकळी
बघितलं. अय्या! पहिल्या चार पानांवर आयजीजी आहे. तिथे वीस पदार्थ आहेत. पाचव्या पानावर आयजीई, तिथे तीनच नावं: धुळीतल्या माइटचे (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) दोन प्रकार आणि शेंगदाणे. शेंगदाण्यासमोर आकडा ०.६ आहे, माइटसमोर वीसच्या वर. हे मी आजवर नीट वाचलंच नव्हतं. 🙈

नाडीवाला
वाटलंच.

तत्काळ होणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे शिंका, पित्त, ओठ सुजणं, दम लागणं, ही आयजीई या प्रतिपिंडामुळे होते. आयजीजी ही वेगळी वस्तू. आपण जे नेहमी खातो त्याची आयजीजी रक्तात सापडणारच. शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे, एवढाच तिचा अर्थ. त्यातही आयजीजी-४ हा उपप्रकार तर पदार्थ पचनी पडल्याची, सवय झाल्याची खूण समजला जातो. म्हणून युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून टाकलं की अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी ही तपासणी करू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांचंही तेच मत आहे. थोडक्यात, तुमची चार पानं म्हणजे तुम्ही रोज काय जेवता त्याची यादी. ती तुम्हाला रक्त न देताही ठाऊक होती.

आता पाचवं पान. आयजीई सापडली म्हणजेही आजार आहे असं नाही. शरीराने त्या गोष्टीला 'हेरून ठेवलंय' एवढंच. ०.३५च्या वर असेल तर बहुतेक प्रयोगशाळा पॉझिटिव्ह छापतात, पण ०.६ आकडा असलेली कितीतरी माणसं शेंगदाणे मूठभर खाऊन मजेत असतात. त्रास होतो की नाही हे रक्ताला नाही, रुग्णाला विचारायचं. तुम्ही दीड महिन्यापूर्वीपर्यंत खात होतात का?

कुंदकळी
रोज! काहीच व्हायचं नाही.

नाडीवाला
मग ते बहुधा कागदावरचं पॉझिटिव्ह. तरी मध्ये खंड पडलाय आणि भेट जवळ आहे, तर शेंगदाण्याचं तेवढं तिथे विचारून ठरवा. बाकी वीस पदार्थ रात्रीच्या जेवणापासून सुरू करायला माझी हरकत नाही.

तिरपागडा
धागाकर्ती स्वयंपाकघराकडे धावताना दिसल्या.

मोडकीछत्री
म्हणजे माझा अनुभव खोटा?

नाडीवाला
अनुभव खराच आहे, कारण वेगळं असू शकतं. गव्हात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. कांदा-लसणातही असते. लहान आतड्यात ती कुणालाच पचत नाही, मग पुढचे जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. काहींना त्याचा त्रास जास्त होतो. ही असहनशीलता, अ‍ॅलर्जी नव्हे. दुधातल्या लॅक्टोजचंही तसंच: विकर कमी पडतं म्हणून पोट बिघडतं, प्रतिकारशक्तीचा त्यात हात नसतो. सीलियाक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याला इजा करते तो आजार) हा गव्हाच्या त्रासाचा तिसरा प्रकार, पण त्याची रक्ततपासणी गहू चालू असताना करायची असते. तुम्ही आधीच सोडला असेल तर ती आता निगेटिव्ह येऊन फसवू शकते. आणि रिपोर्टमधल्या बाकीच्या पदार्थांचं काय? तेही सोडलेत का?

मोडकीछत्री
नाही. फक्त गहू. बाकीचे सोडणं जमलं नाही.

उंबरठा
घ्या! म्हणजे आजार तुमचा, रिपोर्ट भलत्याचा, आणि तीर लागला.

मोडकीछत्री
हसा. पण पोट फुगत नाही हे खरं. सीलियाकचं मात्र कुणीच बोललं नव्हतं, ते विचारून घेतो.

ढगातलीसहल
कातडीची चाचणी मी केली आहे, घाबरण्यासारखं काही नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेनने आकडे घातले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब. मग त्या थेंबातून बारीक टोकाने टुच्. रक्त येत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. पुढची पंधरा मिनिटं मात्र छळ! जिथे अ‍ॅलर्जी आहे तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते, मरणाची खाज, आणि नर्सबाई समोर बसून म्हणतात, 'हात लावायचा नाही हं.' मी मनात पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्याला अडकले तेव्हा त्या पट्टी घेऊन आल्या आणि प्रत्येक गांधी मोजली.

दोन थेंब मुद्दाम वेगळे असतात. एकात हिस्टामिन, तिथे गांधी आलीच पाहिजे. दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही यायला नको. मिठाच्या पाण्यापेक्षा निदान ३ मिमी मोठी आली तर पॉझिटिव्ह धरतात.

काजवा
आणि त्या हिस्टामिनच्या थेंबाने माझी फजिती केली. आठवडाभर आधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवा असं सांगितलं होतं, मी इमानदारीत ठेवल्या. आदल्या रात्री घसा खवखवला म्हणून खोकल्याचं औषध दोन चमचे घेतलं. दुसऱ्या दिवशी हात कोरा करकरीत! हिस्टामिनलासुद्धा गांधी नाही. डॉक्टरांनी विचारलं, 'काल काय घेतलंत?' त्या बाटलीत क्लोरफेनिरामिन होतं. झाली ना तीच अ‍ॅलर्जीची गोळी, नाव बदलून! अर्ध्या दिवसाची रजा वाया आणि पुन्हा आठवडाभर शिंका. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा, बाबांनो.

नाडीवाला
@काजवा, हा किस्सा आमच्या दारावर लावायला हवा. भर घालतो: नैराश्याच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही गांधी दबते, पण त्या आपल्या मनाने मुळीच थांबवायच्या नाहीत, फक्त सांगायच्या. नाकातला स्टिरॉइड स्प्रे आणि माँटेलुकास्टची गोळी चालू ठेवले तरी चाचणीला बाधा येत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर आवर्जून सांगा. जोराची रिअ‍ॅक्शन आलीच तर त्यावरचा उपाय त्याने कमी लागू पडतो. ज्यांना गोळी थांबवणं शक्य नाही, किंवा अंगभर इसब आहे, त्यांच्यासाठी रक्ताची आयजीई बरी. तिला गोळ्यांनी फरक पडत नाही.

निळीशाई
माझी चाचणी तर दोन दिवस चालली. पाठीवर पट्ट्या चिकटवल्या आणि ४८ तास आंघोळ नाही म्हणाले. तुम्ही पंधरा मिनिटांत कशा सुटलात?

ढगातलीसहल
ती पॅच टेस्ट, वेगळी असते ना?

निळीशाई
हो का! मला वाटलं एकच. माझं असं झालं की केस रंगवले की दोन दिवसांनी कानामागे आणि कपाळावर खाजरे ओले चट्टे. लगेच नाही, दोन दिवसांनी, म्हणून रंगावर कधी संशयच गेला नाही. पाठीवरच्या पट्ट्या ४८ तासांनी काढल्या, पाहिलं, आणि पुन्हा दोन दिवसांनी पाहायला बोलावलं. पीपीडीच्या (केसांच्या रंगातलं रसायन) खाली लालभडक चौकोन, निकेलखालीही थोडं. निकेल म्हटल्यावर पंधरा वर्षांपूर्वी घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगट कुजल्यासारखं व्हायचं ते आठवलं. तेव्हा 'घाम साठतो' म्हणून पावडर मारत होते!

चार दिवस बिनआंघोळीचं माणूस घरात कसं वागवलं जातं यावर स्वतंत्र धागा काढीन.

तिरपागडा
काढाच. पाचशे प्रतिसाद नक्की.

पुस्तकातलीवाळवी
अवांतर, पण राहवत नाही. 'अ‍ॅलर्जी' हा शब्दच मुळी १९०६ मधला. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. 'वेगळी प्रतिक्रिया' असा काहीसा अर्थ. त्याआधी १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्रपुष्प या प्राण्याच्या विषावर काम करत होते. कुत्र्यांना ते थोडंथोडं टोचलं की पुढच्या वेळी ती जास्त सहन करतील असा त्यांचा होरा, तर काही आठवड्यांनी अगदी बारीकशा मात्रेने कुत्रं काही मिनिटांत गेलं. संरक्षणाच्या उलट घडलं म्हणून त्याला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' नाव दिलं, आणि रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. आयजीई मात्र सापडायला १९६६-६७ उजाडलं: जपानी दांपत्य किमिशिगे आणि तेरुको इशिझाका अमेरिकेत, आणि योहान्सन व बेनिच स्वीडनमध्ये, दोघांनी स्वतंत्रपणे शोधली.

सातशिंका
वाळवी आली की धाग्याला पुस्तकाचा वास येतो आणि मला शिंका.

पुस्तकातलीवाळवी
जुन्या पुस्तकांतली बुरशी असेल ती. तपासून घ्या. 😛

मनीमाऊचीआई
मला मांजराची अ‍ॅलर्जी निघाली. घरात दोन आहेत. डॉक्टर म्हणाले मांजर बाहेर द्या. मी म्हटलं दुसरा पर्याय सांगा.

एक समजलं ते सांगते: केस दोषी नाहीत. फेल डी १ नावाचं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तेलग्रंथींत असतं. ती अंग चाटतात, वाळलं की ते हवेत उडतं, आणि इतकं हलकं की तासन्तास तरंगत राहतं. मांजर घरातून गेलं तरी घरातून ते जायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे 'आठवडाभर पाठवून बघू' हा प्रयोग फुकट. आता मांजरांना झोपायच्या खोलीत बंदी, खोलीत हवा गाळणारं यंत्र, आणि माझी इंजेक्शनं चालू.

उंबरठा
बंदी पाळली जाते?

मनीमाऊचीआई
माझ्याकडून पाळली जाते. दार त्यांनी उघडायला शिकून घेतलंय.

जुनाखोडकर
इंजेक्शनांबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो, मी चार वर्षं पूर्ण केली आहेत.

ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच अर्क अगदी क्षुल्लक मात्रेत दंडाला कातडीखाली टोचतात. सुरुवातीला दर आठवड्याला, मात्रा थोडीथोडी वाढवत. पाच-सहा महिन्यांनी पूर्ण मात्रा गाठली की महिन्यातून एकदा. एकूण तीन ते पाच वर्षं. पहिले सहा महिने मला काडीचा फरक जाणवला नाही. दंड सुजायचा तेवढा. सोडून द्यायच्या बेतात होतो. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की खिशातला रुमाल दोन-दोन दिवस तसाच घडीचा राहतोय. आता बंद करून तीन वर्षं झाली. कधीमधी शिंकतो, पण गोळी नाही.

प्रत्येक वेळी टोचल्यावर तीस मिनिटं तिथेच बसायचं. हे लोक टाळतात. मीही एकदा 'गाडी चुकीच्या जागी लावलीय' म्हणून सटकायला बघत होतो, कंपाउंडरने हात धरून बसवलं. विसाव्या मिनिटाला तळहात खाजायला लागले, मग घसा आवळल्यासारखा. त्यांनी क्षणाचा वेळ न घालवता मांडीत अ‍ॅड्रिनलिन दिलं. दहा मिनिटांत मी ठीक. रस्त्यात गाडी चालवत असतो तर काय, हा विचार आजही येतो. तेव्हापासून दम्याची धाप असेल किंवा ताप असेल तर त्या दिवशी इंजेक्शन पुढे ढकलायचं, हेही कटाक्षाने पाळलं.

गप्पगडी
मी सात महिन्यांत सोडली. दर आठवड्याला अर्धा दिवस जायचा, नोकरीत जमेना.

पुस्तकातलीवाळवी
या उपचाराला शंभरच्या वर वर्षं झाली आहेत. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क टोचून गवतज्वराच्या रुग्णांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. गंमत म्हणजे परागकण विष सोडतात अशी त्यांची समजूत होती, म्हणजे कारण चुकलं आणि उपाय बरोबर निघाला. त्यांच्याही आधी मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली स्वतःचीच त्वचा खरवडून तिच्यावर पराग चोळून बघायचे. म्हणजे तुमची ती टुच् चाचणी तिथपासूनची.

मोडकीछत्री
मोहोळाचा ताजा मध रोज चाटला तर परागकणांची सवय होते असं ऐकलंय. इंजेक्शनाचंच तत्त्व झालं ना?

नाडीवाला
कल्पना छान आहे, पण मधमाशी फुलांवर बसते आणि शिंका आणणारे पराग असतात गवताचे आणि झाडांचे, वाऱ्यावर उडणारे. मधात ते नगण्य. मध आवडतो म्हणून खा.

@गप्पगडी, वेळेची अडचण असलेल्यांसाठी जिभेखालची गोळी असते. माइटसाठी आहे, काही गवतांसाठी आहे. पहिली गोळी क्लिनिकमध्ये अर्धा तास बसून, पुढच्या रोज घरी. पहिले काही आठवडे तोंडात खाज सुटते, ती बहुतेकांची जाते. पण रोज म्हणजे रोज, तीनेक वर्षं. अनेकांची गाडी तिथे अडते: इंजेक्शनाला जायचा कंटाळा आणि गोळीचा विसर. दमा काबूत नसेल तर दोन्ही सुरू करत नाहीत.

आणि इंजेक्शन-गोळीच्या आधी साधी पायरी असते, ती लोक धड चढतच नाहीत: नाकातला स्टिरॉइड स्प्रे. दोन दिवस मारून 'काही उपयोग नाही' म्हणतात. त्याला पूर्ण असर दाखवायला दोन आठवडे लागू शकतात. मारायचाही एक रिवाज आहे. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नळीचं टोक बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर फवारला तर नाकातून रक्त येतं. जोरात ओढून घशात नेऊ नका, तो नाकात राहायला हवा.

रात्रपाळी
स्प्रेचा विषय निघालाच आहे तर माझी कबुली. मी अकरा महिने नाक मोकळं करणाऱ्या थेंबांच्या नादी लागलो होतो. झायलोमेटाझोलिन. दोन थेंब टाकले की स्वर्ग! सुरुवातीला रात्री एकदा, मग सकाळीही, मग दर तीन तासांनी. एक बाटली खिशात, एक गाडीत, एक उशीखाली. प्रवासात एकदा बाटली विसरली तर रात्री दीडला उघडं औषधाचं दुकान शोधत हिंडलो. एका डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, 'तुमची अ‍ॅलर्जी केव्हाच मागे पडली. आता चोंदतंय ते या थेंबांमुळेच.' हे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरायचेच नसतात, हे बाटलीवर छापलेलं होतं. अकरा महिने मी ती बाटली हातात धरून होतो.

सोडताना आधी एकच नाकपुडी बंद केली, दुसरी चालू ठेवली. दोन आठवडे अर्ध्या नाकाने जगलो. सोबत स्टिरॉइड स्प्रे होता. आता सुटलो.

सातशिंका
हे वाचून उशीखाली हात घातला. गुपचूप. 😐

रानजाई
धागा हसतखेळत चाललाय, पण थोडं गंभीर लिहिते. माझ्या मुलाला काजूची खरी अ‍ॅलर्जी आहे. तीन वर्षांचा असताना अर्धा काजू खाल्ला. पाच मिनिटांत पित्त, मग उलटी, मग आवाज बसला आणि अंग सैल पडलं. मी घरातलं अ‍ॅलर्जीचं सिरप पाजत बसले होते, त्यात मोलाची मिनिटं गेली. सिरपने खाज जाते. बसलेला श्वास आणि उतरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. ते काम फक्त अ‍ॅड्रिनलिनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, कपड्यांवरून दिलं तरी चालतं. द्यायचं, आडवं झोपवायचं (दम लागत असेल तर बसतं ठेवायचं, पण उभं करायचं नाही), आणि लगेच दवाखाना गाठायचा. काही तासांनी लाट परत येऊ शकते, म्हणून बरं वाटलं तरी जायचंच.

आता त्याच्या दप्तरात अ‍ॅड्रिनलिन टोचायची दोन पेनं असतात. शाळेतल्या बाईंना नकली पेनावर शिकवलं, त्यांनी धीटपणे शिकून घेतलं.

ढगातलीसहल
रानजाई, वाचून काटा आला. धाकट्या बाळाला तुम्ही ते पदार्थ उशिरा दिलेत का? मला सगळे सांगताहेत तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे नको.

रानजाई
मलाही तेच सांगायचे, पण आता सल्ला उलटा आहे. ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्या बाळांना इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती त्यांपैकी काहींना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणे नियमित चारले, बाकीच्यांना वर्ज्य ठेवले. मुलं पाच वर्षांची झाल्यावर चारलेल्यांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. अख्खा दाणा मात्र नाही हं, घशात अडकतो, वाटून. आणि इसब जोराचा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून.

उंबरठा
याच्या उलट बाजूची गोष्ट. लहानपणी तापात पेनिसिलिन घेतल्यावर पुरळ आलं, म्हणून चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक फाइलवर लाल शाईत 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी'. गेल्या वर्षी ऑपरेशनच्या आधी त्यांनी त्वचेची चाचणी केली, मग देखरेखीखाली गोळी देऊन बसवून ठेवलं. काही नाही झालं! पुरळ तापाचंच असावं. असा शिक्का असलेल्या दहातल्या नऊ जणांना ते औषध चालतं म्हणाले. चाळीस वर्षं मी उगाच जास्त जहाल औषधं गिळली.

पिंपळपान
अंगावर वर्षभर रोज पित्त उठतंय. इथलं वाचून मीही सगळ्या चाचण्या करू का?

नाडीवाला
सहा आठवड्यांहून जास्त काळ, ठरावीक कारण न दिसता रोज पित्त, हे बहुतेक वेळा बाहेरच्या कशाचीच अ‍ॅलर्जी नसते. पन्नास चाचण्यांत कारण सापडणार नाही, आणि एखादी उगाच पॉझिटिव्ह येऊन तुमचं जेवण मात्र जाईल. न गुंगवणारी गोळी रोज, गरजेनुसार डॉक्टर तिची मात्रा चौपटीपर्यंत नेतात; तेवढ्याने भागलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन असतं. दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

कुंदकळी
मंडळी, परत आले! उशीर झाला, पण काल जाऊन आले.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि चाळीस मिनिटं नुसते प्रश्न. शिंका बिछान्यातच येतात की उठून चालायला लागल्यावर? अंथरूण झाडताना? परगावी झोपल्यावर? गादी किती जुनी? घरात ओल आहे का? परगावचं मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी दहा दिवस कोरड्या हवेच्या उंच डोंगरी गावात होते, तिथे एकही शिंक नव्हती! बाई म्हणाल्या, 'झालं, निदान तुम्हीच केलंत. आता हाताला विचारू.' हिस्टामिन ५ मिमी, माइट ८ आणि ७, शेंगदाणे शून्य. मग तिथेच शेंगदाणे खायला लावून तासभर बसवलं. दीड महिन्यानंतरचे शेंगदाणे. काय लागले म्हणून सांगू!

आठ आठवडे स्प्रे (नाडीवाल्यांच्या पद्धतीने, हात उलटसुलट करून), गादी-उशांना माइट न शिरणारे घट्ट विणीचे अभ्रे, चादरी दर आठवड्याला ६० अंशाच्या पाण्यात, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली. एवढ्याने भागलं तर ठीक, नाहीतर जिभेखालची गोळी की इंजेक्शन ते मग ठरवू. माझं अजून ठरत नाहीये. गोळी विसरेन याची खात्री आहे आणि जुनाखोडकरांचं विसावं मिनिट डोळ्यांसमोरून जात नाही.

जुनाखोडकर
अहो, ते चार वर्षांत एकदाच. बाकीच्या वेळी मी तिथे बसून शब्दकोडी सोडवली.

मोडकीछत्री
कुंदकळीताई, अभिनंदन. मी फक्त सीलियाकसाठी वेळ घेतली आहे. त्याआधी सहा आठवडे पुन्हा गहू खायला सांगितलाय. पोट फुगलंय, बोलू नका.

सातशिंका
मलाही पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली! एकच शंका. सेटिरिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी, मी चार वर्षं रोज घेतोय. आज सोमवार. सकाळची घेतली आहे. उद्यापासून बंद, बरोबर?

नाडीवाला
ज्यांनी वेळ दिली त्यांना फोन करून विचारा, आणि चार वर्षं हा आकडा आवर्जून सांगा. इतकी वर्षं घेऊन एकदम थांबवली तर क्वचित कुणाला दोनेक दिवसांत अंगभर जबरदस्त खाज सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तसा इशारा दिलाय. तसं झालं तर ती गोळी सोडल्याची खाज असते, नवी अ‍ॅलर्जी नव्हे. घाबरून पुन्हा गोळी टाकण्याआधी त्यांना कळवा.

काजवा
आणि खोकल्याची बाटली कपाटात वरच्या फळीवर!

सातशिंका
फोन केला. चालेल म्हणाले, फार खाजलं तर रक्ताचीच करू. आठ दिवसांनी येऊन सांगतो. तोपर्यंत आयडी सत्तरशिंका समजावा.